वाचकांचे प्रश्न : बेशुद्ध माणसाच्या कमरेचे शस्त्र कोणी सांभाळायचे?

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे असून मोहोळ तालुक्यात आमची उसाची शेती आहे. त्यांच्याकडे पॉइंट ३२ बोअरचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर बऱ्याच वर्षांपासून आहे आणि व्यवहाराच्या निमित्ताने बाहेर पडताना ते कमरेला लावतात. त्यांना मधुमेह आहे. मागच्या महिन्यात होटगी रस्त्यावरील एका मंगल कार्यालयात लग्नाला आलो असताना त्यांनी सकाळी इन्सुलिन घेतले, पण मुहूर्त लांबल्यामुळे जेवण राहिले. एकाएकी त्यांना दरदरून घाम सुटला, ते असंबद्ध बोलू लागले, धरायला गेलेल्यांचे हात झटकू लागले आणि मग कोसळले. आम्ही त्यांना गाडीत घालून जवळच्या खासगी रुग्णालयात नेले. तिथे अंगावरचे कपडे सैल करताना रिव्हॉल्व्हर सापडले. सगळेच गडबडले. थोड्या वेळाने एका मुलाने प्लास्टिकची एक पिशवी माझ्या हातात दिली. तिच्यात सासऱ्यांच्या चपला, चष्मा, तंबाखूची डबी आणि त्या सगळ्यांच्या खाली ते रिव्हॉल्व्हर होते. रात्री मी ती पिशवी मांडीवर घेऊन रिक्षाने नणंदेच्या घरी गेले, रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवले आणि चार दिवस किल्ली उशाखाली घेऊन झोपले, कारण त्या घरात नऊ वर्षांचा भाचा आहे. आता सासरे बरे होऊन घरी आले आहेत आणि शस्त्र त्यांच्या ताब्यात आहे. परंतु एका नातेवाइकांनी सांगितले, की मी केले तो गुन्हा होता. हे खरे आहे का? त्या वेळी काय करायला हवे होते? आणि या आजारपणामुळे त्यांचा परवाना जाईल का?
– एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसलेल्या तुमची मला काळजी वाटली, आणि ती पिशवी तुमच्या हाती देणाऱ्या रुग्णालयाचा राग आला. मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो असून नोकरीची बरीच वर्षे याच जिल्ह्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आणि शस्त्र परवान्यांच्या कागदपत्रांत गेली. तुमच्या पत्रातला प्रसंग मी वेगवेगळ्या रूपांत पाहिला आहे आणि दर वेळी एकच गोष्ट आढळली. रुग्णाकडे सगळ्यांचे लक्ष असते, शस्त्राकडे कोणाचेच नसते. घरातला जो कोणी सर्वांत गरीब आणि सोशिक असेल त्याच्या हातात शेवटी ते येऊन पडते.

आधी कायद्याचे सांगतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ३ प्रमाणे अग्निशस्त्र बाळगण्यासाठी त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावाचा परवाना लागतो. कुटुंबाचा म्हणून परवाना नसतो. याच कलमाला एक सवलत जोडलेली आहे. परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरी व्यक्ती ते शस्त्र दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी नेऊ शकते. तुमचे सासरे शुद्धीवर नव्हते, त्यामुळे लेखी अधिकारपत्राचा प्रश्नच येत नव्हता. तुम्ही रिक्षात बसलात तेव्हा ते समक्षही नव्हते. म्हणजे अक्षरशः पाहिले तर ते चार दिवस शस्त्र विनापरवाना व्यक्तीच्या ताब्यात होते, आणि विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षे कारावास अशी कडक झाली आहे. नातेवाइकांनी सांगितले त्यात एवढे तथ्य आहे.

पण कायदा तेवढ्यावर थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने गुनवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात ‘ताबा’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला आहे. ताब्यासाठी जाणीव लागते. आणि शस्त्र प्रत्यक्ष जवळ नसले तरी त्याच्यावर नियंत्रण ठेवण्याची सत्ता ज्याच्याकडे राहते, त्याचा ताबा चालू असू शकतो. शिवाय मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना, सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये संरक्षण आहे. बेशुद्ध माणसाचे भरलेले रिव्हॉल्व्हर रुग्णालयाच्या बाकाखाली पडू न देणे ही अशी कृती आहे, असे मी कोणत्याही अधिकाऱ्यासमोर निःसंकोच सांगेन. मात्र हे संरक्षण त्या रात्रीपुरते भक्कम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन करण्याइतकी उसंत मिळाल्यावरही शस्त्र कपाटातच राहिले, तिथे बाजू लंगडी पडते. आता शस्त्र परवानाधारकाकडे परत गेले आहे, कोणाला इजा झालेली नाही आणि काही हरवलेले नाही. झाल्या गोष्टीसाठी मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळेची तयारी मात्र आजच करा.

त्या रात्री नेमके काय करायला हवे होते, याचे उत्तर मंगल कार्यालयापासूनच सुरू होते. रक्तातील साखर ७० च्या खाली उतरू लागली, की आधी थरथर आणि घाम येतो. ती ५४ च्याही खाली गेली, की मेंदूला इंधन कमी पडते आणि माणूस भांबावतो, चिडतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही, मदतीला आलेल्याला ढकलतो. सासऱ्यांनी हात झटकले ते यामुळे. फेफरे येऊन गेल्यावर, डोक्याला मार लागल्यावर, कधी पक्षाघाताच्या सुरुवातीलाही अशीच अवस्था येते. वर्षानुवर्षे कमरेला शस्त्र लावणाऱ्या माणसाचा हात, कोणी कमरेपाशी हात घातला की आपोआप तिकडे जातो. त्याला त्या क्षणी कळतही नसते, की समोर त्याची सून आहे. म्हणून माणूस भांबावलेला पण हालचाल करणारा असेल, तर झटापट करून शस्त्र काढायला जाऊ नये. घरातल्या विश्वासाच्या माणसाने समोरून, नावाने हाक मारत, शांतपणे बोलावे. बाकीच्यांनी मागे सरावे. लहान मुलांना दुसऱ्या खोलीत न्यावे. आणि १०८ ला फोन करताना पहिल्या वाक्यातच सांगावे, की रुग्णाच्या कमरेला परवान्याचे भरलेले शस्त्र आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या या सेवेच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतात; त्यांना हे वाकून तपासताना कळण्यापेक्षा आधी कळलेले केव्हाही बरे. त्याच वेळी दुसऱ्या कोणी ११२ वर पोलिसांना कळवावे.

माणूस पूर्ण निपचित असेल तर शस्त्र अंगावरून वेगळे करावेच लागते, कारण छातीवर दाब देताना, कुशीवर वळवताना, स्ट्रेचरवर उचलताना ते मध्ये येते. इथे एक गोष्ट मी अगदी आग्रहाने सांगतो. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून, म्हणजे पट्ट्याला लावलेल्या त्याच्या कव्हरमधून, उपसू नये. पट्टा सोडवून होल्स्टरसकट, जसेच्या तसे बाजूला घ्यावे. बक्कल निघत नसेल तर पट्टा कापावा. होल्स्टरमध्ये असेपर्यंत चाप झाकलेला असतो आणि नळीच्या तोंडाची दिशा एकच राहते. ते उपसले, की घाबरलेल्या माणसाचे बोट नकळत चापावर जाते. अनेक रिव्हॉल्व्हरना पिस्तुलासारखी सेफ्टीची कळ नसते. घोडा ओढलेला नसला तरी चाप पुरेसा दाबला की गोळी सुटते. तुमच्या पिशवीत ते उघडे होते की कव्हरमध्ये, हे तुम्ही लिहिलेले नाही. उघडे असेल, तर तंबाखूच्या डबीची कड किंवा चपलेचा अंगठा चापाच्या कडीत अडकणे अशक्य नव्हते.

मी रात्रपाळीला असताना एक तरुण मुलगा धापा टाकत ठाण्यात आला होता. वडिलांना हृदयविकाराचा झटका आल्यामुळे घरचे सगळे रुग्णालयात होते, आणि ‘हे पोलिसांकडे देऊन ये’ म्हणून त्याला पिटाळले होते. त्याच्या दोन्ही हातांत पंचा होता. त्याने पंचा माझ्या टेबलावर ठेवून उलगडला तेव्हा नळीचे तोंड सरळ माझ्या पोटाकडे होते आणि मूठ अजून त्याच्या घामेजल्या हातात होती. त्याचे बोट कुठे आहे ते मला पंचाच्या घडीमुळे दिसत नव्हते. मी खुर्चीतून हललो नाही. हळू आवाजात त्याला हात मोकळा करायला सांगितले. नंतर उघडून पाहिले तर सहाही चेंबर (गोळ्या बसतात ते खण) भरलेली होती. तो मुलगा आपले कर्तव्यच करत होता, पण त्याला कोणीही, कधीही, काहीही शिकवलेले नव्हते. म्हणून सांगतो, शस्त्र घेऊन ठाण्यात धावू नका. फोन करा आणि पोलिसांना तुमच्याकडे येऊ द्या.

पोलिसांना बोलावले की शस्त्र ‘जप्त’ होईल, या भीतीने बरीच कुटुंबे गप्प बसतात. ही भीती दूर व्हायला हवी. गुन्ह्याच्या संशयावरून मालमत्ता ताब्यात घेणे वेगळे. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०६ आहे. परवानाधारक आजारी आहे म्हणून शस्त्र सुरक्षिततेसाठी ठाण्यात जमा करणे वेगळे. निवडणुकीच्या काळात तुमचे सासरे शस्त्र ठाण्यात जमा करून पावती घेत असतील आणि निवडणूक झाल्यावर परत आणत असतील, हेही तसेच आहे. ठाणे दैनंदिनीत नोंद होते आणि पावती मिळते. त्या पावतीवर शस्त्राचा प्रकार, बोअर, शस्त्र क्रमांक, परवान्यावरील युआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक) आणि काडतुसांची संख्या लिहिलेली आहे ना, हे वाचून घ्या. काडतुसे त्यांच्या माणसाने तुमच्यासमोर मोजलेली असावीत, कारण परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते आणि पुढे एका काडतुसाचा हिशेब लागला नाही तरी उत्तर परवानाधारकालाच द्यावे लागते. रुग्ण घरी आल्यावर परवाना, पावती आणि डिस्चार्ज कार्ड दाखवून शस्त्र परत मिळते. दरम्यान परवान्याची मुदत संपली, तर मात्र शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे विनाविलंब जमा करणे बंधनकारकच आहे.

आता परवान्याविषयी. साखर एकदा उतरली म्हणून परवाना आपोआप जात नाही. कलम १७ प्रमाणे परवानाधारक मनोविकल असल्याची किंवा अन्य कारणाने अपात्र असल्याची खात्री झाली, तर परवाना प्राधिकारी तो निलंबित किंवा रद्द करू शकतात, आणि त्याविरुद्ध कलम १८ मध्ये अपिलाची सोय आहे. सोलापूर शहरात हे प्राधिकारी पोलीस आयुक्त असतात, तर मोहोळसारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. तथापि मला तुमच्या सासऱ्यांना कायद्याच्या पलीकडचे एक सांगायचे आहे. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने उपाशी पोटी शस्त्र कमरेला लावू नये. लग्नाच्या मांडवात, जिथे शे-दोनशे माणसे आणि पायात घुटमळणारी मुले असतात, तिथे तर ते आणूच नये. व्यवहारासाठी रोकड न्यायची असेल तेव्हा शस्त्र लागते, हे मी समजू शकतो. अक्षता टाकायला ते लागत नाही. त्यांच्या पाकिटात, आधार कार्डाच्या शेजारी, एक चिठ्ठी ठेवा : मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, कमरेला परवान्याचे शस्त्र असू शकते, कोणाला कळवायचे त्याचा क्रमांक. परवान्याची एक छायाप्रत तुमच्याकडे ठेवा. आणि एके दिवशी सगळ्यांनी बसून ठरवा, की असे पुन्हा घडले तर शस्त्रापाशी कोण थांबेल आणि रुग्णाबरोबर कोण जाईल. ही दोन कामे एकाच माणसावर पडता कामा नयेत.

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयात अपघात विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे वर्षातून एखाद-दोन वेळा असे रुग्ण येतात. डॉक्टर म्हणतात शस्त्र रिकामे करून ठेवा. वॉर्डबॉय हौसेने पुढे येतात. रुग्णालयाने नेमके काय करावे? नातेवाइकांना देऊन टाकले तर जबाबदारी संपते का?
– एक परिचारिका, सोलापूर

उत्तर : सिस्टर, जबाबदारी अशी संपत नाही. वरचे पत्र वाचलेत तर ती फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडते, हे दिसेल. विनापरवाना नातेवाइकाच्या हाती शस्त्र देणे कायद्याला धरून नाही.

रिकामे करण्याविषयी माझे स्पष्ट मत आहे, की रुग्णालयातील कोणीही ते करू नये. ज्याला त्या बनावटीचे शस्त्र रोज हाताळायची सवय आहे, त्यानेच ते उघडावे. पिस्तुलाचे मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. मॅगझिन बाहेर आल्यावरही चेंबरमध्ये एक गोळी बसलेली असू शकते आणि अनेक अपघात त्या एका गोळीनेच होतात. ज्याने मॅगझिन काढले तोच निर्धास्तपणे चाप ओढून बघतो. तुमच्या विभागात पलीकडे पडदा असतो आणि पडद्यामागे दुसरा रुग्ण असतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून होल्स्टरसकट शस्त्र एका व्यक्तीने घ्यावे, नळीचे तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे ठेवावे, कुलपाच्या कपाटात ठेवावे आणि किल्ली त्याच व्यक्तीकडे राहावी. दोन साक्षीदारांच्या सह्यांनी रुग्णाच्या वस्तूंच्या नोंदवहीत वेळेसह लिहावे. औषधांच्या कपाटात ठेवू नये. ते दर दहा मिनिटांनी उघडते. मग ठाण्याला फोन करावा आणि पोलीस आले की पावती घेऊनच द्यावे. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, पोलीस चौकी आवारातच असल्यामुळे हे काम सोपे होते. खासगी रुग्णालयांनी हद्दीतल्या ठाण्याचा क्रमांक अपघात विभागाच्या भिंतीवर लावून ठेवावा. हे सगळे रुग्णाच्या उपचारांना एक मिनिटही न थांबवता झाले पाहिजे. हृदय थांबलेल्या माणसाच्या मेंदूला चार-सहा मिनिटांतच इजा सुरू होते. तिथे शस्त्राच्या नोंदीसाठी डॉक्टरांचा हात अडता कामा नये. हाताशी दोन माणसे असतील तर एकाने शस्त्र, बाकी सगळे रुग्णाकडे.

रुग्णाच्या अंगावर गोळीची जखम असेल, तर गोष्ट निराळी होते. मग ते शस्त्र पुरावा ठरते. पुसू नये, पिशव्या बदलू नयेत, कमीत कमी हातांनी कमीत कमी हाताळावे, आणि कोणी, केव्हा, कुठून उचलले ते लिहावे. कपडे कापावे लागले तर गोळीच्या छिद्रावरून कात्री नेऊ नये.

एमआरआयविषयी तुम्ही विचारले नाही, तरी त्याविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. १.५ टेस्लाच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते आणि ते तपासणी चालू नसतानाही चालूच असते. दाराशी विचारतात ते रुग्णाला. सोबत आलेल्या माणसाला विचारायचे राहून जाते. २०२३ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात आईला तपासणीसाठी घेऊन आलेला एक गृहस्थ कमरेचे पिस्तूल न काढता खोलीत शिरला. चुंबकाने ते खेचले, गोळी सुटून त्याच्या पोटात गेली आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. अमेरिकेतील रोचेस्टर शहरात २००० मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याच्या हातातून पिस्तूल असेच खेचले गेले आणि सेफ्टी लावलेली असूनही गोळी सुटली. सुदैवाने ती भिंतीत गेली. आपल्याकडे लखनौमध्ये २०१७ साली एका मंत्र्यांच्या अंगरक्षकाचे पिस्तूल यंत्राला जाऊन चिकटले होते. तेव्हा मेंदूच्या तपासणीसाठी बेशुद्ध रुग्णाला नेताना त्याच्या कमरेवरून, काखेतून आणि घोट्यापर्यंत हात फिरवून खात्री करा, आणि सोबतच्या प्रत्येक माणसाला ‘आपल्याकडे शस्त्र आहे का’ असे थेट विचारा. वर्दीतल्या माणसालाही विचारा. त्याचा मान त्यामुळे कमी होत नाही.

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीजवळ एका बँकेत सुरक्षारक्षक आहे. माझ्या सहकाऱ्याला ड्यूटीवर असताना फिट आली. त्याची बारा बोअरची दुनळी त्याच्या स्वतःच्या परवान्यावर आहे. माझ्याकडेही परवाना आहे, म्हणून मी ती बंदूक दिवसभर सांभाळली आणि संध्याकाळी त्याच्या घरी पोहोचवली. मॅनेजर साहेबांनी शाबासकी दिली, पण मनात शंका आहे.
– एक सुरक्षारक्षक, सोलापूर

उत्तर : भाऊ, तुमची शंका रास्त आहे. तुमचा परवाना त्यावर नोंदलेल्या शस्त्रापुरताच असतो. त्या सहकाऱ्याच्या परवान्यावर तुमचे नाव रिटेनर म्हणून, म्हणजे त्याच्या वतीने शस्त्र बाळगणारा म्हणून, नोंदलेले नसेल, तर त्याची बंदूक घेऊन रस्त्याने जाण्याचा अधिकार तुम्हाला नव्हता. फिट आल्या क्षणी ती उचललीत, हे मात्र उत्तम केलेत. लांब नळीची बंदूक भिंतीला टेकवून ठेवली तर गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून आडवी पडते, आणि फिट आलेल्या माणसाच्या झटक्यांनी ती त्याच्याच अंगाखाली येऊ शकते.

सिस्टरना मी शस्त्र उघडू नये म्हटले, त्याला तुम्ही अपवाद आहात. तुम्ही तीच दुनळी रोज उघडता. नळी सुरक्षित दिशेला धरून ती मोडावी, म्हणजे नळ्या खाली झुकवून उघडावी, दोन्ही काडतुसे बाहेर काढावीत, दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो का पाहावे आणि बंदूक मोडलेल्या अवस्थेतच बँकेच्या कुलपातल्या जागेत मॅनेजर साहेबांसमोर ठेवावी. त्याच्या पट्ट्यातली उरलेली काडतुसे मोजून, दोघांच्या सह्यांनी कागदावर लिहून, ठाण्याला कळवावे. एजन्सीलाही कळवावे, बदली माणूस पाठवणे हे तिचे काम आहे. तुम्ही एका खांद्यावर दोन बंदुका घेऊन दारात उभे राहिलात तर बँकेचे रक्षण दुप्पट होत नाही, तुमचे दोन्ही हात अडकतात.

तुमचा सहकारी शुद्धीवर आल्यावर अर्धा तास तरी गोंधळलेला असू शकतो. त्या वेळी ‘माझी बंदूक दे’ असे त्याने कितीही बजावून सांगितले, तरी देऊ नका. त्याला घरी पोहोचवा, बंदुकीला नव्हे. फिट पहिल्यांदाच आली असेल तर डॉक्टरांचा सल्ला मिळेपर्यंत त्याने सशस्त्र ड्यूटी करू नये. पोटापाण्याचा प्रश्न आहे हे मी जाणतो. म्हणून एजन्सीशी बोलून त्याला काही काळ विनाशस्त्र जागेवर घेता येईल का, हे तुम्हीच त्याच्या वतीने विचारावे. आजारी माणूस स्वतःहून हे विचारायला कचरतो.

प्रश्न : मी ७२ वर्षांचा माजी सैनिक असून मंगळवेढ्यात एकटा राहतो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. हातांना कंप सुटू लागला आहे. मला काही झाले आणि दोन दिवस कोणाला कळलेच नाही, तर घरातल्या रायफलचे काय, या विचाराने झोप लागत नाही.
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : साहेब, झोप लागत नाही, इतकी जाणीव तुम्हाला आहे, याबद्दल मी तुम्हाला सलाम करतो. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ तुमच्या उपयोगाचा आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण परवानाधारकाने सत्तर वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर हयातीतच वारसाचे नाव सुचवून त्याच्यासाठी परवाना मागता येतो. मुलाने तो अर्ज तो राहतो तिथल्या प्राधिकाऱ्यांकडे करायचा. पोलीस पडताळणी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र त्यालाही लागेल. इतर वारस असतील तर त्यांची संमती आताच लेखी घेऊन ठेवा.

मुलाला शस्त्र नको असेल, तर तेही मोकळेपणाने विचारून घ्या; पुष्कळ मुले वडिलांना वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत. मग परवानाधारक विक्रेत्यामार्फत ते विकता येते.

तोपर्यंत मात्र रायफल घरात ठेवू नका. मंगळवेढा ठाण्यात किंवा सुरक्षित ठेवीची परवानगी असलेल्या विक्रेत्याकडे ती स्वेच्छेने जमा करा. ठाण्यात आधी फोन करून, एकटे राहता आणि हाताला कंप आहे हे सांगून, न्यायला माणूस पाठवण्याची विनंती करा. काडतुसेही सगळी द्या. जुन्या ट्रंकेत, लष्करी कोटाच्या खिशात राहिलेली एक-दोनसुद्धा. पावतीची एक प्रत मुलाला पाठवा आणि एक परवान्याबरोबर, दाराजवळच्या खणात ठेवा. शेजाऱ्यांपैकी ज्याच्याकडे तुमच्या घराची दुसरी किल्ली आहे, त्याला घरात आता शस्त्र नाही हे सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही हाकेला ओ दिली नाही तर तो दारात न थबकता आत येईल.